घोडा का अडला?

अर्जावर दोन रकाने होते, स्वार आणि घोडा. पहिल्यात मी माझं नाव लिहिलं, वय ४६. दुसऱ्यात ‘वादळ’, वय १६. घोड्याचं सोळा म्हणजे माणसाची साधारण पन्नाशी, तेव्हा जोडी तशी शोभून दिसत होती. वादळ हे नाव त्याला कुणी आणि कुठल्या आशेनं ठेवलं देव जाणे. दुपारची झोप कुणीतरी मोडल्यासारखा चेहरा, खालचा ओठ किंचित लोंबलेला, आणि चाल अशी की पुढचा पाय टाकावा की नाही यावर आधी सविस्तर विचार व्हावा. मी पहिल्यांदा खोगिरावर बसले तेव्हा ४१ वर्षांची होते, आणि नवशिक्यांना वादळच देतात. नंतर इतर घोड्यांवरही बसले. पण स्पर्धेत उतरायचं ठरल्यावर दुसरं नाव सुचलं नाही.

“आता घोडामैदान जवळच आहे,” सर म्हणाले आणि स्वतःच हसले. परीक्षा, निवडणुका, मुलांचे निकाल, कशालाही मी ही म्हण आजवर वापरली असेल. जिथे खरोखरचा घोडा आहे आणि खरोखरचं मैदान, असा प्रसंग मात्र पहिल्यांदाच येत होता.

अडथळ्यांची स्पर्धा म्हटलं की लोकांना उंच उड्या आठवतात. ते जग वेगळं. तिथला विक्रम चिलीचा लष्करी अधिकारी अल्बेर्तो लारागिबेल आणि हुआसो नावाच्या घोड्याच्या नावावर आहे. ५ फेब्रुवारी १९४९, उंची २.४७ मीटर. तो अजून कुणी मोडलेला नाही. मी टाचा उंचावून हात वर केला, तरी माझ्या बोटांच्या वर कितीतरी अंतर उरेल अशी ती उंची. आमच्या स्पर्धेत घोड्यानं ओलांडायची सगळ्यात उंच वस्तू नडगीपर्यंत येत होती.

आमचे अडथळे वेगळ्या जातीचे. एकूण दहा. दोरीचं फाटक घोड्यावर बसल्या बसल्या उघडायचं, पलीकडे जायचं आणि बंद करायचं. लाकडी पूल. जमिनीवर अंथरलेली ताडपत्री. काटकोनात मांडलेल्या बांबूंच्या गल्लीतून घोडा उलट पावली न्यायचा. खांबावर टांगलेला रेनकोट उचलून दुसऱ्या खांबावर टांगायचा. छत्री उघडायची आणि मिटायची. अशी सगळी किरकोळ कामं, जी आपण पायी असताना विचारही न करता करतो. वेगाला गुण नाहीत. हिशेब ७० पासून सुरू होतो, प्रत्येक अडथळ्यावर जास्तीत जास्त दीड गुण वाढतो किंवा दीड कमी होतो. शिवाय दंड आहेतच. बांबूला खूर नुसता घासला तर अर्धा गुण. फाटकाची दोरी हातातून सुटली तर पाच. घोडा अडला तर पाच, पुन्हा अडला तर पुन्हा पाच.

घोडा का अडला, हा प्रश्न आपल्याला शाळेतल्या कोड्यापासून पाठ आहे. त्यातले बाकीचे दोन प्रश्न सोडून देऊ; उत्तर तिन्हींचं एकच, ‘न फिरवल्यामुळे’. लहानपणी हे उत्तर फार हुशारीचं वाटायचं. तयारीच्या तीन महिन्यांत मी वादळला इतका फिरवला, की या कोड्याच्या कर्त्याला मला एकदा भेटायचं आहे.

सुरुवात ताडपत्रीनं झाली. निळी ताडपत्री, चार कोपऱ्यांवर दगड. वादळ तिच्यापासून तीन पावलांवर थांबला, मान वर, कान बाणासारखे पुढे, नाकपुड्या एवढ्या मोठ्या की आतला गुलाबी रंग दिसावा. मग नाकातून असा आवाज काढला की शेजारच्या रिंगणातल्या घोडीनं मान वळवून पाहिलं. मी टाच लावली. तो मागे गेला. पुन्हा टाच लावली, तो आणखी मागे गेला. सर कुंपणावर रेलून म्हणाले, “तुम्हाला जे दिसतंय ते त्याला दिसत नाहीये. त्याला खड्डा दिसतोय.”

घरी येऊन मी घोड्याच्या डोळ्यांबद्दल मिळेल ते वाचून काढलं, आणि खरं सांगायचं तर त्यानंतर मला वादळच्या शांतपणाचंच आश्चर्य वाटायला लागलं. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे त्याला जवळजवळ ३५० अंश दिसतं. नेमकं कपाळासमोर आणि शेपटीमागे मात्र दिसत नाही. दोन्ही डोळ्यांनी मिळून दिसतो तो भाग लहान, म्हणून खोलीचा अंदाज घ्यायला त्याला मान खाली-वर करावी लागते. रंगांपैकी निळा आणि पिवळा त्याला उमजतो. लाल, हिरवा, नारिंगी यांतला फरक जवळपास नाहीच. ब्रिटनमध्ये शर्यतीच्या अडथळ्यांवर वर्षानुवर्षं नारिंगी रंग असायचा. तो माणसाला उठून दिसतो, घोड्याला हिरवळीत मिसळलेला दिसतो. एक्झेटर विद्यापीठातल्या संशोधनानंतर तिथे पांढरा रंग आला. इतकी वर्षं घोड्यांसाठी घातलेली खूण घोडे सोडून सगळ्यांना दिसत होती! शिवाय उजेडातून सावलीत आल्यावर घोड्याच्या डोळ्यांना सरावायला आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो. ही ओळ मी वाचली आणि पुढे गेले. तिच्याकडे तेव्हा नीट पाहायला हवं होतं.

ताडपत्रीला सोळा दिवस लागले. आधी ती घडी घालून, रुमालाएवढी. मग टॉवेलाएवढी. मी खाली उतरून तिच्यावर उभी राहायची आणि त्याला नुसतं बघू द्यायची. पाचव्या दिवशी त्यानं नाक टेकवलं, सातव्या दिवशी एक खूर. खुराखाली प्लास्टिक करकरलं तसा तो दचकून मागे सरला, आणि मग स्वतःहून पुन्हा खूर ठेवला, जणू आवाज कुठून येतो ते तपासायला. अकराव्या दिवशी तो आरपार गेला. मी आनंदानं वळवून उलट दिशेनं आणला, तर पहिल्या दिवसाचाच खेळ: कान, नाकपुड्या, तो आवाज. एका बाजूनं ओळखीची झालेली वस्तू दुसऱ्या बाजूनं पाहिली की घोड्याला ती पुष्कळदा नवीनच वाटते, हे प्रत्येक मोतद्दाराला ठाऊक असतं. मला ते सोळाव्या दिवसापर्यंत ठाऊक झालं.

फाटकाबद्दल फार सांगत नाही, कारण ते सगळं हिशेबाचं काम. घोडा फाटकाला समांतर उभा करायचा, लगाम एका हातात, दोरी दुसऱ्या हातात, मग एका पायाच्या दाबानं त्याला आडवं सरकवायचं. ४५० किलोंचं जनावर पोटरीच्या दाबावर एक पाऊल बाजूला जातं, हे पहिल्यांदा घडलं तेव्हा मीच चकित होऊन दोरी सोडून दिली. पाच गुण.

माझं घोडं खरं पेंड खात होतं ते छत्रीपाशी. वादळला छत्रीचं काही नव्हतं, हे विशेष. जमिनीवरून सरांनी छत्री उघडली तर तो जांभई द्यायचा. मी वर बसून उघडली की पाठ ताठ, चार पायांवर एकदम चढा पारा. सर म्हणाले, “छत्री उघडायच्या आधी तुम्ही श्वास धरता.” मी म्हटलं, नाही. त्यांनी मोबाइलवर चित्रण दाखवलं. बटणाकडे अंगठा जाताना माझे खांदे कानांना लागत होते.

स्वीडनमध्ये लिंडा कीलिंग आणि सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. माणसांना घोडा एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी न्यायचा होता, काहींना लगाम धरून चालत, काहींना वर बसून. चार वेळा. चौथ्या फेरीआधी त्यांना सांगितलं, की या वेळी वाटेत छत्री उघडली जाईल. छत्री उघडलीच नाही. तरी त्या फेरीत माणसांच्या हृदयाचे ठोके वाढले, आणि घोड्यांचेही वाढले. घोड्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं.

हे वाचल्यावर हान्स आठवणं ओघानं आलंच. बर्लिनमधला तो घोडा, फॉन ओस्टन नावाच्या निवृत्त गणिताच्या शिक्षकाचा. बेरीज-वजाबाकीची उत्तरं खूर आपटून द्यायचा. १९०४ मध्ये चौकशी समिती नेमली गेली, तिला लबाडी सापडली नाही. मग ऑस्कर फुंग्स्टनं चिकाटीनं शोधून काढलं, की प्रश्न विचारणाऱ्याला स्वतःलाच उत्तर ठाऊक नसेल, किंवा तो घोड्याला दिसत नसेल, तर हान्सचं गणित कोलमडतं. बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याचं डोकं केसभर वर जायचं, अंग किंचित सैल व्हायचं. हान्स तेवढंच वाचत होता. आणि हे गुपित कळल्यावरही फुंग्स्टला स्वतःच्या डोक्याची ती हालचाल थांबवणं जमेना, हा मला त्यातला सगळ्यात सुंदर भाग वाटतो.

तेव्हा मी श्वासाच्या मागे लागले. बोलताना श्वास धरून ठेवता येत नाही, म्हणून सरांनी गाणं म्हणायला सांगितलं. गाण्याच्या बाबतीत घोड्यावर अन्याय नको, म्हणून मी पाढे निवडले. बे एके बे काही कामाचं नाही, ते झोपेतही येतं. एकोणतिसाचा घेतला. एकोणतीस दुणे अठ्ठावन्न, एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी. हा पाढा इतका आडमुठा आहे की भीतीला डोक्यात जागाच उरत नाही. दोन आठवड्यांत छत्री सुटली. सत्त्याऐंशीला अंगठा बटणावर, आणि वादळचा ओठ पुन्हा लोंबलेला.

मी भारावून गेले. भेटेल त्याला सांगायला लागले, की घोडा हा आरसा आहे. घोड्यांच्या जगात हे वाक्य पाचपन्नास लोक रोज म्हणतात, त्यात मी एकावन्नावी.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी आठला आम्हाला पायी मार्ग बघायला सोडलं. हातात नकाशाचा कागद, ओठांत पुटपुट, सगळे स्वार रिंगणात एकमेकांना चुकवत चाललेले. दुरून पाहणाऱ्याला वाटावं, सगळ्यांचं एकाच वेळी काहीतरी हरवलंय. मी पावलं मोजली, वळणं पाठ केली. पूल थोडा पोकळ वाजत होता. ताडपत्री निळीच होती, देव पावला. आठवा अडथळा, जमिनीवर सुमारे अर्ध्या मीटरवर एक असे मांडलेले चार बांबू नुसते चालत ओलांडायचे. कागदावर मी त्याच्यापुढे ‘सोपं’ असं लिहून दोन रेघा मारल्या. तो कागद अजून माझ्याकडे आहे.

माझा क्रमांक लागला दुपारी चारनंतर.

फाटक छान झालं. दोरी खरबरीत होती, हातात नीट बसली. पूल, रेनकोट, ठीक. काटकोनी गल्लीत उलट जाताना वळणावर तो तिरका झाला, तिथे गुण गेले. ताडपत्रीपाशी मी सोळा दिवस आठवत होते आणि वादळ ती गालिच्यासारखी तुडवून पलीकडे गेलाही. छत्री उघडली, मिटली. मी सत्त्याऐंशीपर्यंत पोचलेही नव्हते. मग सर नेहमी सांगतात तशी नजर वर उचलली, पुढच्या वळणावर ठेवली, आणि आठव्या अडथळ्याकडे निघाले.

वादळ थांबला.

पहिल्या बांबूच्या दोन पावलं अलीकडे, चारही पाय रोवून. मी लगेच स्वतःला तपासलं. श्वास? चालू. खांदे? खाली. पाढा सुरू केला, एकोणतीस चोक सोळोदरसे. वर एक दीर्घ उसासाही सोडला, त्याला ऐकू जाईल असा. तो हलेना. पाच गुण. मी घाबरले नव्हते, हे मला पक्कं माहीत होतं, मग हा का घाबरला? मी मनात कुठेतरी घाबरले असणार. काय दडवत होते मी? घोड्यावर बसून, परीक्षकासमोर, उन्हात, मी आत्मपरीक्षण करत होते. मग त्याचाही कंटाळा आला आणि मी टाच मारली. हलकी नव्हे. तो मागे सरला. आणखी पाच.

त्या क्षणी पहिल्यांदा मी त्याच्या कानांकडे पाहिलं. ते माझ्याकडे वळलेले नव्हतेच. दोन्ही कान जमिनीवरच्या एका जागेकडे रोखलेले. नजर खाली नेली तर पहिल्या बांबूच्या अलीकडे, तिरका, एक काळा बांबू पडला होता. रिंगणाच्या कडेच्या झेंड्याच्या काठीची सावली. सकाळी आठला ती पार दुसऱ्या बाजूला, कुंपणाबाहेर पडली असणार. आता ती मार्गात होती, आणि तिच्या टोकाला झेंड्याची सावली जमिनीवर वळवळत होती. माझ्या हिशेबाने बांबू चार होते. त्याच्या हिशेबाने पाच, त्यातला एक जिवंत.

मी लगाम सैल सोडला. त्यानं मान लांब करून नाक सावलीला लावलं, फुरफुरून धूळ उडवली, बघितलं. धूळ खाली बसली, सावली तिथेच. मग त्यानं पुढचा पाय उचलला, इतका उंच, की सावली नडगीभर जाड असावी. मागचे पायही तसेच. खुर्च्यांवरून कुणीतरी मनापासून हसलं. सावली अशी इमानदारीनं ओलांडल्यावर बांबूंचं त्याला फारसं कौतुक उरलं नाही, शेवटच्या बांबूला मागचा खूर घासला. अर्धा गुण.

एकूण ५८. चौदा जणांत अकरावी.

खोगीर उतरवताना मला राग आला होता तो सावलीचा नव्हे, त्या आरशाच्या वाक्याचा. छत्रीचा प्रयोग खोटा नाही, हान्स खोटा नाही. पण मी त्यातून सोयीचा अर्थ काढला होता, की घोड्याच्या पाठीवर जे काही होतं ते सगळं माझ्यापासून सुरू होतं. आपलंच घोडं पुढे दामटायचं म्हणतात ते हेच असावं. त्याचं घाबरणंसुद्धा मी माझ्या नावावर करून घेतलं. तो बिचारा दोन पावलांवर उभा राहून सांगत होता, इथे काहीतरी आहे, बघ. आणि मी डोळे मिटून स्वतःच्या आत डोकावत होते.

आधुनिक पेंटॅथलॉन या पाच प्रकारांच्या स्पर्धेत घोडेस्वारी हा एक प्रकार होता. त्यात स्वाराला घोडा चिठ्ठीनं मिळायचा, ओळखीला वीस मिनिटं. २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकला आघाडीवर असलेल्या जर्मन खेळाडूला सेंट बॉय नावाचा घोडा मिळाला आणि तो अडला. ती रडत होती, चाबूक चालवत होती, आणि जग बघत होतं. ती पहिल्या क्रमांकावरून एकतिसाव्यावर गेली. ते चित्रण मी तेव्हा पाहून तिला मनातल्या मनात बरंच बोलले होते. मग खूप चर्चा झाली, आणि पॅरिस २०२४ नंतर त्या खेळातून घोडेस्वारी काढूनच टाकण्यात आली. तिच्या जागी आलं काय, तर माणसांनी स्वतः लटकत, उड्या मारत पार करायचे अडथळे. अडथळे राहिले, घोडा गेला. सेंट बॉयला त्या दिवशी नेमकं काय दिसलं, हे मात्र त्या सगळ्या चर्चेत फारसं कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. मीही विचारलं नव्हतं. टाच मारायला मला तिच्याइतकं मोठं कारणही लागलं नाही. समोर ऑलिंपिक पदक नव्हतं, अकरावा क्रमांक होता.

उन्हं उतरल्यावर वादळला हातानं धरून तबेल्याकडे निघाले. झेंड्याची सावली आता लांबलचक होऊन आमच्या वाटेवरच पडली होती. त्यानं तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही, सरळ तुडवून पुढे गेला. मला वाटलं, चला, हे तरी शिकला.

तबेल्याच्या दारात तो थांबला. कान पुढे, नाकपुड्या मोठ्या. पाण्याची बादली. तीच, कडी तुटलेली, रोज दाराच्या डावीकडे असते. आज कुणीतरी उजवीकडे ठेवली होती.

“चला की, काय झालं?” मागून मोतद्दारकाका म्हणाले.

“थांबा जरा,” मी म्हटलं, “तो बघतोय.”